मेखा

नगारा वाजला नाही त्या पहाटे.
सवयीनं हैबतीनं कोपऱ्याचा दोर सोडला,
राहुटी माझ्या तोंडावर आली,
आणि पलीकडून मदार पखाल्या खेकसला,
"निजा की रे, आज कूच नाही."
दुसऱ्या दिवशी नव्हतं. पंधरवडा गेला तरी नव्हतं.
बैलांच्या पाठीवरच्या जखमा भरून आल्या
तेव्हा मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

आम्ही तंबू शिवणारी माणसं.
दख्खन सोडली तेव्हा माझ्या ओटीत सुई होती
आणि पोटात थोरला.
आमचा बाजार पायांवर चालायचा :
पुढं हत्ती, मग घोडी, मग तोफा,
मग धूळ, आणि धुळीत आम्ही,
तेली, तांबोळी, लोहार, हिंगवाला.
देणारे घेणारे सगळे एकाच वाटेनं,
म्हणून उधारी कधी बुडत नसे.

इथं ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली, सोनरेखेच्या काठी
तो बाजार बसला.
म्हातारा बैल बसतो तसा,
शेपूट पिळली तरी उठेना.

छीतरमल सराफानं आधी घोंगडी टाकली,
मग घोंगडीखाली फळी,
मग फळीखाली चार विटा.
विटा बघून मी हैबतीला म्हटलं,
"याला कळलंय. आपल्याला नाही."
दख्खनच्या रुपयाला आणाभर बट्टा कापायचा
आणि वर गोडीत विचारायचा,
"बाई, आमची बाजरी मानवली का?"

बिरजो कुंभारीण गाढवावर एक मोठा रांजण आणायची
आणि दिवस मावळता परत न्यायची.
छावणीत रांजण कोण घेतो?
आमची भांडी तांब्याची, एकात एक बसणारी,
आपटली तर पोचा येईल, फुटणार नाहीत.
ती म्हणायची, "लै लो बाई."
मी म्हणायची, "ठेवू कुठं?"
वर्षभर आमचं बोलणं एवढंच.

मग मानकोजी बारगिराच्या बायकोनं
राहुटीच्या दाराशी लिंबू लावलं.
लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षं जातात.
बायका येऊन बघून गेल्या,
कुणी काही बोललं नाही.
त्या महिन्यात आमच्याकडं
शिवायला एकही राहुटी आली नाही.

मेखांचा भाव पडला.
सुतार मोजून द्यायचा त्या मेखा
आता तराजूत, जळण म्हणून.
बाभळीची मेख छान जळते, सांगून ठेवते,
पण घाव खाऊन खाऊन जिच्या डोक्याचं फूल झालंय
ती चुलीत सारताना हात अडतो.
मी एक मागं ठेवली. शेळीला.

हैबती दोन महिने गप्प होता.
मग त्यानं कनाती उसवायला काढल्या.
एकीतून छीतरमलच्या दुकानावर छत,
एकीतून मानकोजीच्या नातवाला झोळी,
आणि ज्या डेऱ्यात तीन लढायांचे जखमी निजले
त्याच्या गोधड्या.
दोनदा उकळल्या. डाग राहिले.
गिऱ्हाइकाला म्हटलं, नक्षी आहे.

एकदा मिठाचा तांडा घेऊन आलेल्या वंजाऱ्यानं
थोरल्याला विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"
माझी सुई थांबली.
वाटलं, सांगेल नीरेकाठचं,
रात्री रात्री त्याला सांगितलेलं,
त्याच्या आजोबाचं, चिंचेचं.
तो म्हणाला, "इतई कौ,"
आणि बोट केलं शेळीकडं.

त्या संध्याकाळी मी बिरजोला हाक मारली.
तिनं आठ आणे सांगितले, मी तीन.
पाचावर ठरलं.
जाताना म्हणाली, पहिल्या साली चारला देत होते.

उचलायला दोन माणसं लागली.
हैबतीनं कोपऱ्यात खड्डा खणला,
वीतभर बूड मातीत गेलं.
भरायला अकरा खेपा.
रात्रभर रांजण पाझरत होता.

पहाटे, कुचाच्या वेळेला, जाग आली
तर भोवतीची माती ओली,
आणि शेळी तिथंच उभी, रांजण चाटत,
गळ्यातल्या दोरीला
उपटलेली मेख तशीच लोंबत.