एक पत्ता कमी

नवी पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
मुजम्मिलने दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले,
याद्या करायला व्याही बसतात तसे, जरा अंतर राखून.
"काका, सगळंच घ्यायचं, का निवडून?"
सगळंच घे की बे, मी म्हटलं,
निवडत बसलो तर रात्रपाळी चुकेल.

जुना तापलेला. एप्रिलात त्याला ताप यायचाच,
सोलापुरात कुणाला येत नाही.
नवा गार. श्रीवाणीने पुण्याहून पाठवलेला,
अंगावरची प्लास्टिकची कात अजून तशीच.
मधून एक निळी रेघ सरकू लागली.
धोट्यासारखी म्हणणार होतो,
पण धोटा परत येतो.

तीन तास लागतील म्हणाला.
स्टुलावर बसून मी बघत राहिलो
काय काय चाललंय माझं:
सुताच्या बिलांचे फोटो, बंद पडलेल्या गिरणीची,
शेंगाचटणीच्या पाकिटावरचा नंबर,
बायकोच्या एक्स-रेचा फोटो, खिडकीला धरून काढलेला,
अंगठ्याचे सतरा फोटो, चुकून.
आणि नावं.
शंकर बीम.
शंकर बीम नवीन.
शंकर बीम वारला मुलगा उचलतो.

मी सोळाचा होतो. नान्नांनी खांद्यावर
पत्त्यांची माळ टाकली,
अशोक चौकातल्या मागावरून
अक्कलकोट रोडच्या नव्या मागावर न्यायला.
पुठ्ठ्याचे पत्ते, दोरीत शिवलेले,
पत्त्यांत भोकं, भोकांत मोर.
आमच्या घरात डेटा तेव्हापासून आहे,
फक्त तो तेव्हा मानेला काचायचा.
सायकलवरून जाताना एक पत्ता कुठे गळाला
कळलंच नाही.
चादर उतरली तेव्हा मोराच्या मानेत
एका धाग्याची खोट.
मालकाने तो सगळा माल गड्ड्याच्या जत्रेत
वजनावर काढला.
एक आमच्याकडे राहिली.
अम्मा म्हणायची, खोट कसली,
मागे वळून बघतोय तो, काहीतरी विसरलाय.

"झालं काका."
पडद्यावर हिरवी खूण, आणि खाली बारीक अक्षरांत:
एक फाइल हलवता आली नाही.
कुठली रे?
"ते नाही सांगत तो. अकरा हजारात एक, सोडा की."

सोडली नाही. गेटवरच्या खुर्चीत
रात्रभर दोन्ही फोन मांडीवर घेऊन
जुळवत बसलो, डावीकडचा, उजवीकडचा.
अंगठेसुद्धा सतराच्या सतरा आलेत.
मग श्रीवाणीला लिहिलं, रोजच्यासारखं: तिन्नावा?
नव्याने ते खोडून केलं: तीन नावं.
तिकडून आलं: कुणाची, नान्ना?
पुन्हा लिहिलं. पुन्हा तीन नावं.
जुन्याला मी सहा वर्षं शिकवलं होतं,
आमच्या घरात जेवलीस का हे
तेलुगूत विचारतात आणि मराठीत लिहितात.
ही असेल का ती फाइल?
मुजम्मिल म्हणतो, शब्द मोजत नाहीत त्यात.

जुन्याचं सिम काढलं,
कपाटात ठेवला, साड्यांखाली.
बायको म्हणाली भांडीवालीला देऊ, एक डबा तरी येईल.
बघू, म्हटलं.

पाचव्या रात्री पावणेचारला
कपाट वाजू लागलं.
आधी वाटलं शेजारी.
मग थरथर, साड्यांतून, गुदमरलेली,
आणि त्याच्या चिरलेल्या काचेवर
मीच कधीतरी टाईप केलेलं:
पाणी. मोटर लाव. आधी पिंप धू.

सिम नाही, नाव नाही, कुणाचा नंबर नाही,
तरी दिवस मोजत होता.
चावी फिरवली तर नळ फुसफुसला,
दोनदा हवा ओकला, मग गढूळ, मग धार.
बायको घागर लावत म्हणाली,
नव्यात लावून घ्या ना तो गजर.

घेतो म्हटलं.
अजून घेतलेला नाही.
जुना चार्जिंगला लावलाय.