कपाट क्रमांक तीन

मी आले तेव्हा विभागाला दार नव्हतं.
भूगर्भवाल्यांच्या दगडांच्या पेट्या सरकवून
केलेल्या जागेत सहा बाकं, एक फळा,
आणि 'भूगोल' ही पाटी, खडूनं लिहिलेली,
कारण रंगाचं बिल मंजूर व्हायचं होतं.

तोवर तो इतिहासाच्या शेपटाला बांधलेला
अर्धा पेपर होता.
लँकेशायरच्या दमट हवेवर मी पाच पानं लिहिली होती,
सुताला ती कशी मानवते, वगैरे.
लकडी पुलाखालचं पाणी कुठून येतं
हे मला कोणी विचारलं नव्हतं.

आगटे सरांनी विचारलं, पहिल्याच तासाला.
कोणाला येईना, तेव्हा "मग चला" म्हणाले,
आणि वेताळ टेकडीवर नेलं:
चार मुलगे, मी, कुमुद बेहेरे,
तिपाई, साखळी, लाल-पांढऱ्या काठ्या.
मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईनं हटकलं,
"कोणाची जमीन मोजताय गं?"
"कोणाचीच नाही," कुमुद म्हणाली.
बाईला ते पटलं नाही.
मला ते पटायला अजून वीस वर्षं होती.

मग वाद. हा विषय कलेचा की विज्ञानाचा?
सभा झाल्या, चहा झाले, ठराव झाले.
शेवटी तोडगा निघाला अस्सल इथलाच:
दोन्हीकडे ठेवा,
पैसे कोणीच देऊ नका.

नकाशे मात्र आले, सरकारी, शिक्का मारलेले.
पश्चिमेचे घाट, पूर्वेचा कोरडा उतार,
सगळं कपाट क्रमांक तीनमध्ये, कुलपात.
किल्ली गेनू पासलकरांकडे.
नकाशा घ्यायचा तर रजिस्टरात सही,
परत करताना पुन्हा सही,
आणि त्याखाली गेनूंचा अंगठा.
आपल्याच देशाच्या ओढ्यानाल्यांसाठी
आम्ही एवढे सज्जन होतो.

दुपारी विभाग रिकामा झाला की
ते एक पत्रक काढत. मी दोनदा पाहिलं.
वाचता येत नव्हतं, पण रेषा कळत.
"हितं चढ. हितं धाप लागती."
मग सात तांबडे ठिपके, एक देऊळ, एक विहीर:
खामसरी. धरणात गेलेलं गाव.
त्यावर अंगठा ठेवत,
दाबत नसत, नुसता ठेवत,
ताप पाहावा तसा.

आकडे आले ते पुढे.
हातानं फिरवायची यंत्रं, खडखड करत,
पावसाची सरासरी, गावागावांतली अंतरं,
आणि आम्ही म्हणू लागलो
की आता कुठे हे शास्त्र झालं.
मीही म्हणाले. माझ्या प्रबंधात
एकशे चौदा गावं आहेत आणि एकही माणूस नाही.
परीक्षकांनी कौतुक केलं.

गेनू निवृत्त झाले त्या दिवशी नकाशे मोजले.
एकही कमी नव्हता.
फक्त एका पत्रकावर, पश्चिमेला,
रुपयाएवढी जागा झिजून पांढरी.
लेखापालानं शेरा मारला: वाळवी.
मी त्याखाली सही केली.

परवा बोलावलं होतं, विभागाच्या नव्या नावासाठी.
त्यात 'भू' आहे, 'अवकाश' आहे, 'तंत्रज्ञान' आहे;
'गोल' कुठे गेला ते विचारायचं राहिलं.
काचेच्या खोलीत थंड हवा, बारा पडदे.
जुनी पत्रकं स्कॅन करणारा मुलगा
औशाचा, चुणचुणीत. म्हणाला,
"मॅडम, इथं डेटाच नाहीये.
आजूबाजूच्या उंचीवरून भरून टाकू?"

मी चष्मा पुसला. तो तसा स्वच्छ होता.

"थांबा, उपग्रहात बघतो," तोच म्हणाला,
आणि दोन बोटांनी सह्याद्री मोठा केला.
"पाणी आहे हो तिथं. सोपं झालं."

त्यानं निळा भरला.
बरोबर भरला, चूक काढता येणार नाही:
सगळीकडे एकच उंची,
कुठेच चढ नाही,
कुठेच धाप लागत नाही.