ताप वजा करून

बेलार्मिनो, तुझा हातमोजा अजून माझ्या कपाटात आहे.
अंगठ्यापासून मनगटापर्यंत उसवलेला,
पट्ट्याच्या रबराचा काळा वास असलेला.
टाकवत नाही.

त्या दुपारी झाकण उघडं होतं, तू आत वाकलेला,
आणि झाकणापाशी पितळी नळीत बसलेला आपला पहारेकरी
शपथेवर सांगत होता :
लोखंड समोर आहे, झाकण बंद आहे, पट्टा चालू द्या.
खोटं बोलत नव्हता तो.
त्याला तसंच वाटत होतं.

सांतियागोहून आलेल्या साहेबांनी त्याला तपासला
संध्याकाळी सात वाजता.
अगदी बरोबर चालला.
साहेबांनी लिहिलं : मानवी चूक.
सातला इथले पत्रे निवतात, खडी निवते,
सात वाजता या वाळवंटात कुणीही शहाण्यासारखं वागतं.

मी मग चार दिवस त्याच्या शेजारी डबा घेऊन बसले.
पहाटे उणे चार.
आठ मिलिमीटरवरचं लोखंड ओळखायचं त्याने,
पाचवर आणलं तरी गप्प.
दुपारी पत्र्याखाली अडुसष्ट.
समोर नुसती हवा, आणि दिवा पेटलेला.
गारठ्यात असलेलं दिसत नाही,
उन्हात नसलेलं दिसतं.
शेवटच्या आजारात माझे वडील
दारातल्या कुणाला तरी आत बोलवायचे.
आम्ही वळून बघायचो. दार.

उघडला त्याला.
आत असतं काय? बोराएवढी फेराइटची वाटी,
तीत केसासारख्या तांब्याच्या तारेचं वेटोळं.
ते सारखं थरथरत असतं.
लोखंड जवळ आलं की त्यातली थोडी थरथर पिऊन टाकतं,
हेच त्याचं ओळखणं.
पण तांबं तापलं की आपली थरथर आपणच पितं.
मग त्याने कसं ठरवावं,
की आपण मंदावलो ते समोर कुणी आलंय म्हणून,
की अंगात कणकण आहे म्हणून?

हसू नकोस,
पण हे तांबं आपल्याच डोंगरातलं असणार.
हेच ऊन, हाच गारठा लाखो वर्षं सोसलेलं.
फक्त तेव्हा त्याला कुणी
काही ओळखायला सांगितलं नव्हतं.

आधी मी ताप मोजणारा मणी डकवला, बाहेरून, नळीच्या भिंतीला.
भिंत तापते अगोदर, तांबं मागाहून.
मणी बोंबलायचा आणि आत अजून गारच.
दारातून नाडी बघता येत नाही.

मग जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार सोडवली,
आणि दोन तारा अंगाला अंग लावून एकत्र गुंडाळल्या.
पहिलीने थरथरायचं.
दुसरीने काही करायचं नाही,
पहिलीइतकंच तापायचं, आणि किती ते सांगायचं.
तेवढं वजा.
उरेल ते लोखंड.

मावसबहीण एउदोसियाच्या भट्टीत, पाव निघाल्यावर, सत्तर अंशांत ठेवला.
मग मासळीवाल्या इल्दाच्या फ्रीझरमध्ये, वाम माशांच्या खाली.
पुन्हा भट्टी.
अशा सतरा फेऱ्या, पिठाच्या पिशवीवर आकडे.
एउदोसिया म्हणाली, लेकराला एवढं कुणी जपत नाही.
कधी अर्धा मिलिमीटर सरकला, कधी तेवढाही नाही.
नवव्या फेरीत का बिघडला, अजून कळलेलं नाही.

साहेबांचा कागद आहे तसाच आहे.

उद्या अडीच वाजता ये, ऐन उन्हात, त्याच पट्ट्यापाशी.
मुख्य स्विचला तुझं कुलूप घाल, किल्ली तुझ्या खिशात.
विश्वास ठेव म्हणत नाही.
मी झाकण उघडीन आणि दिव्याकडे बघीन,
तूही बघ,
आणि तो विझलेलाच आहे ना, एवढं मला सांग.
महिनाभर मी धड झोपलेले नाही.