झारा

घरी सांगते, झारे बनवतो आम्ही. बुंदीचे.
पितळी ताटाएवढा एकेक, सहाशे अठरा छिद्रांचा.
सासूबाई म्हणतात, एवढ्या झाऱ्याला गिऱ्हाईक कोण?
सरकार, म्हणते मी.
सरकारला बुंदी पाडायचीय.

वाळूजच्या आमच्या शेडमध्ये ड्रॉइंगवर नाव नसतं,
नुसता भाग क्रमांक, आणि कोपऱ्यात लाल शिक्का.
फोटो काढायचा नाही. मोबाइल गेटवरच्या डब्यात,
डब्यावर बिडवे सरांच्या मुलीनं कधीतरी चिकटवलेलं फुलपाखरू.

एका बाजूनं इंधन येणार, दुसरीकडून प्राणवायू,
छिद्रांतून फुटून, धुकं होऊन, एकमेकांत मिसळून
पेटणार.
नीट मिसळलं नाही तर फुटणार.
मला एवढंच समजावलंय.
बाकी माझ्या हातात पिन गेज,
एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये.
सहाशे अठरा वेळा : गेलं, नाही गेलं. गेलं, नाही गेलं.

मुजीबचाचाला भिंगाचा भरवसा नव्हता.
डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला,
तरी प्लेटवरून अंगठ्याचं नख फिरवत
दोनशे सतराव्या छिद्रापाशी थांबला.
"इथं बाल हाय, ताई."
मी पाहिलं. काही नव्हतं.
दिवा तिरपा करून पुन्हा पाहिलं. होता,
छिद्राच्या काठाला धातूचा एक केस,
ब्लेडच्या धारेची सावली पडेल तेवढा.
बाहेर गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून.
वाजव म्हणलं बाबा.

चाचणी दूर दक्षिणेला, डोंगराच्या पोटाशी.
इंजिनाला लोखंडी चौकटीत आवळून धरतात,
पेटवतात, त्याचा जोर मोजतात, विझवतात.
हे उडत नाही.
उडतं ते याच्या मागून आलेलं, याच्यासारखंच दुसरं.
आमच्या घरात ही रीत मला माहीत आहे.
धाकटा पुण्याला असतो.

तपासणीला सेल्वी मॅडम आल्या होत्या.
डब्यातली ज्वारीची भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,
ज्वाळेखाली पाणी सोडावं लागतं, नाहीतर काँक्रीट वितळेल.
किती सोडता, विचारलं. त्यांनी आकडा सांगितला.
मी मनातल्या मनात त्याला टँकरनं भागलं.
आमच्या गल्लीत त्या वेळी नवव्या दिवशी नळ आलेला.
राग नाही आला, खोटं कशाला बोलू.
फक्त हंडे दिसले, रांगेनं, ज्वाळेखाली,
आणि मधला एक माझा, पोचा आलेला.
वाफ झाली म्हणजे वर गेलं असेल. कुठंतरी पडलंही असेल.
इकडं नाही.

फोन आला तेव्हा लाइट गेलेली.
जनरेटर धरायच्या आधी शेडमध्ये जी शांतता होते
तिच्यात बिडवे सर नुसते "हां… हां…" करत होते.
मग त्यांनी दोन बोटं वर केली.
दोनशे सेकंद. पूर्ण.
टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत.
प्रल्हादनं विचारलं, चहा सांगू का, आणि सांगितला.

मुजीबचाचा घाटीत होता, डोळ्याला पट्टी.
त्याच्या मुलाच्या फोनवर मी ओरडून सांगितलं.
तो म्हणाला, "आवाज कसा होता?"
मला काय माहीत.
त्या आवाजानं तिथं खिडक्या थरथरतात म्हणे,
इथं त्या दुपारी
समोरच्या गॅरेजात कुणीतरी टायर ठोकत होतं.

चार महिन्यांनी लाकडी खोक्यातून प्लेट परत आली.
ओळखू येईना. मधोमध जांभळी, कडेला मधाच्या रंगाची,
काही ठिकाणी तव्याच्या बुडासारखी.
वास जुन्या नाण्यांचा.
मुजीबचाचाचा डोळा आता लख्ख,
तरी त्यानं तो मिटला आणि नख टेकवलं.
एक फेरी. दुसरी. ओठ मोजतायत.
प्रल्हाद म्हणाला, काय चाचा, काय झालं?

"दोनशे सतरा सापडत नाही," तो म्हणाला,
आणि तिसरी फेरी सुरू केली.