पहिल्या खंडाचा नकाशा

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात हिशेब लिहिणारी
तन्झिला सोलकर एका दुपारी
गोणपाटात गुंडाळून सहाशे बारा पानं घेऊन आली.
"चाचा, हा पहिला खंड. अजून सहा आहेत."
कुठे आहेत, विचारलं.
तिनं कपाळाला बोट लावलं.

तिला नकाशा हवा होता.
मी बंदर खात्यात एकतीस वर्षं
दोरीला शिसं बांधून खाडीची खोली मोजली.
राज्यं कधी मोजली नव्हती.

तिच्या मुलखात सात खाड्या, सात गाद्या,
मिठावरून झालेल्या दोन लढाया,
आणि भरती येते बारा वर्षांतून एकदा.
मधल्या काळात होड्या उपड्या घालून
माणसं त्यांच्याखाली संसार करतात,
नाळेकडे देव, सुकाणूकडे चूल.

पुस्तक उघडतं ते असं:
ज्या वर्षी समुद्र परत यायचा, त्या वर्षी तो आला नाही.
मग एक मुलगी, खांद्यावर शिशाचा गोळा,
मोजायला पाणी नसताना
तळावरून पश्चिमेला चालू लागते.

मासे कुठे गेले?
"तिसऱ्या खंडात."
राजे खातात काय?
"शपथा."
आणि वारा कुठचा?
ती गप्प.
सहाशे बारा पानांत वाऱ्याला नावच नव्हतं.
मग मी तिला पहाटेचा मतलई दिला, दुपारचा खारा दिला,
उधाण दिलं, भांग दिला.
तिनं बर्फाच्या पावतीमागे सगळं टिपलं,
वर लिहिलं: उसने.

इथे किती वाव ठेवू, मी विचारलं.
"भरपूर. कल्पनेला हवाच."
मी दोन्ही हात पसरले.
हा एक वाव, पोरी. या बोटापासून त्या बोटापर्यंत.
तिनंही पसरले. माझ्याहून चार बोटं कमी.
"मग माझ्या समुद्रात माझाच चालेल,"
म्हणाली, आणि सगळे आकडे बदलायला लावले.

आठ रात्री लागल्या.
मुसाकाजीचं टोक उलटं केलं, झालं पहिलं राज्य.
जैतापूरचा दिवा एका आंधळ्या जादूगाराला देऊन टाकला,
खात्याला कळवलं नाही.
फक्त आंबोळगडाच्या नैऋत्येला
पेन थांबलं.
तिथे माझा धाकटा, जयवंता.
त्या जागेचा आकडा मला पाठ आहे.
लिहिला नाही.

दिवाळीनंतर पुस्तक छापून आलं, खळीचा वास घेऊन.
नकाशात त्या कोऱ्या जागी
काळसर, लांबट काहीतरी.
माझा अंगठा.
शाईचा हात टेकला असेल, छापखान्यानं तोही घेतला.

आता जेटीवर जाळी सांधणारी पोरं तिला विचारतात,
हे बेट कुठलं? कथेत तर कुठंच येत नाही.
तन्झिला हिशेबाच्या वहीतून मान वर करत नाही.
"चौथ्या खंडात."

मी एकाहत्तरचा. ती दुसऱ्याच्या अठराव्या पानावर.

काल रात्री भिंग लावून पाहिलं.
रेषेला रेषा लागून किनारे,
मध्ये एक तिरकी चीर,
ओल्या दोरीनं कापलेली, जुनी.
बंदर म्हणून चालेल.
एक होडी लागेल एवढं.