तक्रारीचा रकाना

नेरूळचं आमचं कॉलेज. तळमजल्यावर,
झेरॉक्सवाल्याच्या पुढे, जिन्याखाली
एक खोली आहे. पाटीवर ‘रुग्णकक्ष’.
दोन खाटा, हिरवा पडदा,
तीन किलो जास्त दाखवणारा वजनकाटा
आणि मी.

डॉक्टर येतात मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते एक.
पोरं आजारी पडतात उरलेल्या वेळी.

रजिस्टरला रकाने पाच :
नाव, वर्ग, वेळ, तक्रार, उपाय.
सतरा वर्षांत तक्रारीच्या रकान्यात
मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय : डोकेदुखी.
एवढी तरणी डोकी
एवढी कशी दुखतील?

तन्मेष लोखंडे, सिव्हिल, दुसरं वर्ष, गाव वाशिमकडचं.
लॅबमध्ये चक्कर येऊन पडला.
साखर-मीठ-पाणी दिलं,
पेला दातांवर वाजत होता.
काय खाल्लंस रे?
म्हणाला, ‘खाल्लंय ना, मावशी.’
कधी?
पडद्याकडे बघत राहिला.
मेसचे पैसे थकलेले. घरी बोलला नव्हता.
घरी बोलला होता, मेसचं जेवण एक नंबर.

मीठ चिमूटभरच लागतं.
तिकडे क्रिकेटची जाळी आहे ना, तिथे
आमचं मिठागर होतं, असं बाबा सांगायचे.
पुढे नकाशा आला, दगडी खांब आले,
मग कॉलेज, मग माझी नोकरी.
लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं.
कुणाच्या मिठाला, ते माझं अजून ठरत नाही.

आणि ती अल्विरा.
पोटात दुखतं म्हणून यायची.
ओव्याचा अर्क घ्यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची,
तास संपल्याची घंटा झाली की
एकदम बरी.
एका संध्याकाळी सहज पानं उलटली
आणि बोट अडकलं :
गुरुवार, दोन दहा. गुरुवार, दोन दहा.
सात गुरुवार, माझ्याच अक्षरात.
समोर उपाय : ओवा.
सात वेळा ओवा!

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं नाही, काय झालं.
विचारलं, गुरुवारी दुपारी कुणाचं प्रॅक्टिकल असतं?
तिनं बाटलीचं झाकण फिरवलं. उघडलं. परत लावलं.
मग सांगितलं.
तक्रार तिनंच लिहिली, इंग्रजीत, तीन ओळी.
मी नुसती सोबत गेले, रजिस्टर छातीशी धरून.

समितीतल्या बाई म्हणाल्या,
तुम्ही नर्स आहात की अटेंडंट?
म्हटलं, अटेंडंट. पण वाचता येतं.

सर सध्या रजेवर आहेत.
‘सध्या’ हा शब्द मला चावतो.
अल्विरा गुरुवारी येत नाही आता,
शनिवारी येते, डोकं दुखतं म्हणून. खरंच दुखतं.
डोळ्यांचा नंबर वाढलाय, एवढंच.

मेसवाल्या म्हात्रेंशी मी भांडले,
निधीचा अर्ज सहीसाठी तीन टेबलं फिरवला.
काल तन्मेष आला. नाव लिहायला घेतलं
तर म्हणाला, तक्रार नाही मावशी, वजन करायचंय.
चढला. काटा हलला, थांबला.
तिथूनच आईला फोन : छप्पन्न! हो, छप्पन्न भरलं!

तीन वजा करायचे असतात,
हे मी सांगितलं नाही.
रकान्यात काय लिहावं कळेना.
पेन घेऊन बसले थोडा वेळ.
बाहेर झेरॉक्सच्या रांगेत
तो अजून फोनवर हसत होता.