एकाच दिशेने

महाराणी रोडवर जिन्याखाली
फणसे रेडिओज.
भिंगाखाली तांदळाएवढा डायोड,
एका टोकाला काळी रेघ.
बाबा सांगायचे, रेघ बघून लाव,
उलटा लागला की मुका.

पुस्तकात ह्याला अर्धवाहक म्हणतात.
अर्धं कसलं?
सोडतो तेव्हा बिनबोभाट,
अडवतो तेव्हा ढिम्म.

मूळची वाळूच ती.
जाळून जाळून शुद्ध करायची,
मग मुद्दाम कणभर भेसळ,
तेव्हा कुठे कामाची.

"ओजस, डबा घेतलास का रे?"
"ले लिया, मम्मी."
बारा वर्षं माझी मराठी जाते,
परत येत नाही.

काल त्याला सोल्डरचा चटका बसला
आणि उलट्या बाजूनं आलंच,
"आई गं!"

गळका डायोड मी लगेच बदलते.
हा
राहू दे.